पोलादाला दिलेले पाणी

विष्णुपुराणात सूर्याची एक कथा येते. विश्वकर्म्याची कन्या संज्ञा ही सूर्याची पत्नी. तिला पतीचे तेज सोसवेना, म्हणून आपल्या जागी छायेला ठेवून ती तपश्चर्येसाठी वनात निघून गेली, आणि पुढे ही गोष्ट उघडकीस येऊन सूर्याने तिला परत आणले तेव्हा, मुलीचा संसार सुखाचा व्हावा या इच्छेने, विश्वकर्म्याने आपल्या जावयाला भ्रमियंत्रावर चढविले व त्याच्या तेजाचा आठवा अंश तासून काढला. भ्रमियंत्र म्हणजे गरगर फिरणारे ते यंत्र, ज्याला आज आपण लेथ म्हणतो. त्या तासकामात तेजाचा जो कीस भूमीवर पडला तोही त्या कारागिराने वाया जाऊ दिला नाही. त्यातून त्याने विष्णूचे चक्र घडविले, शिवाचा त्रिशूळ घडविला, कार्तिकेयाची शक्ती घडविली, आणि इतर देवांची आयुधेही त्याच किसातून सिद्ध झाली. मुलीविषयीच्या वात्सल्यातून आरंभलेले काम अशा रीतीने शस्त्रागारात जाऊन पोहोचले.

ज्या हाताने तेज सोसण्याजोगे केले त्याच हाताने संहाराची साधने घडविली, आणि पुराणकाराला त्यात काही विसंगती जाणवली नाही; मला मात्र ती अनेक वर्षे जाणवत आली आहे. एखादी वस्तू निर्दोष करण्यात एक प्रकारचे पुण्य आहे असे आपण सारेच मानतो. हे पुण्य त्या वस्तूच्या उपयोगापासून स्वतंत्र असते काय? हाच प्रश्न कुंभाराच्या मडक्याविषयी किंवा विणकराच्या लुगड्याविषयी विचारला तर उत्तर फार लवकर हाती येते, आणि लवकर हाती आलेल्या उत्तराने प्रश्नाची खोली कळत नाही. म्हणून तो जिथे सर्वांत अवघड होतो तिथेच, म्हणजे बंदुकीचे सुटे भाग घडविणाऱ्या कारखान्याच्या दारात उभे राहून विचारावा असे मला वाटते.

कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळीच्या काठी इशापूर म्हणून गाव आहे. कंपनी सरकारच्या अमदानीत तिथे बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. त्याच जागेवर 1904 साली रायफलींचा कारखाना उभा राहिला आणि काही वर्षांत तिथून ली-एन्फील्ड जातीच्या .303 बंदुका हिंदी फौजेसाठी बाहेर पडू लागल्या. भाद्रपदाच्या अखेरीस बंगालभर विश्वकर्म्याची पूजा होते, आणि लेथ, मिलिंग यंत्रे व कानशी यांच्यावर उपजीविका असणाऱ्या तिथल्या कामगाराला सूर्य तासणारा तो देव परका वाटण्याचे काही कारण नाही. इशापुराहून बराकपूर काही मैलांवर आहे. ज्या बराकपुरात 1857 च्या मार्चमध्ये मंगल पांडे उभा ठाकला, तिथला तंटाही एन्फील्ड नावाच्याच एका जुन्या बंदुकीच्या काडतुसावरून उद्भवला होता, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही. काडतुसाच्या कागदाला कशाची चरबी लावली आहे हे शिपायाला डोळ्यांनी दिसत नव्हते. ते फक्त बनविणाऱ्याला ठाऊक होते. हातात आलेल्या वस्तूच्या आत काय आहे याविषयी बनविणाऱ्यावर विश्वास ठेवण्यावाचून वापरणाऱ्याला गत्यंतर नसते, आणि तो विश्वास एकदा उडाला म्हणजे सरकारच्या कोणत्याही जाहीरनाम्याने तो परत येत नाही, हे त्या वर्षी साऱ्या हिंदुस्थानाने पाहिले.

आता इशापूरच्या त्या ली-एन्फील्ड बंदुकीच्या अंतरंगाकडे वळू. ज्या पोलादी चौकटीत बोल्ट मागेपुढे सरकतो तिला रिसीव्हर म्हणतात. गोळी उडते त्या क्षणी काडतुसाच्या बुडावर जो प्रचंड दाब येतो तो बोल्टवर पडतो, बोल्टच्या दोन दातांनी तो रिसीव्हरवर पडतो, आणि हे सारे नेम धरणाऱ्या माणसाच्या डोळ्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर घडते. दोन दातांपैकी एकच दात टेकला आणि दुसरा किंचित अधांतरी राहिला तर सारा भार एकट्यावर येईल. म्हणून दोन्ही दात सारखे टेकेपर्यंत ते घासून जुळवावे लागत आणि जुळल्यावर त्या बोल्टवर त्याच बंदुकीचा अनुक्रमांक कोरला जाई. लाखांनी बंदुका निघत असतानाही ही एक जागा अशी राहिली की जिथे एकाचा भाग दुसऱ्याला सरसकट चालत नसे, आणि एका माणसाने दुसऱ्या वस्तूशी पहिली वस्तू हाताने मिळवून पाहिल्याशिवाय काम पुरे होत नसे.

दुसरी नाजूक जागा बोल्टचे तोंड आणि नळीचे बूड यांमधली. .303 च्या काडतुसाला बुडाशी कड असते, ती कड या फटीत बसते. फट 0.064 इंचाहून कमी असेल तर बोल्ट बंद होणार नाही, 0.074 इंचाहून अधिक असेल तर पितळी काडतूस मागे ताणले जाऊन फुटण्याचा संभव. तपासनिसाच्या हाती दोन गेज असत. पहिल्यावर बोल्ट मिटलाच पाहिजे, दुसऱ्यावर मिटता कामा नये. क्रमांक 4 च्या ली-एन्फील्ड बंदुकीसाठी तर बोल्टची डोकीच शून्यापासून तीनपर्यंतच्या चार मापांत करून ठेवलेली असत, म्हणजे झीज झालेल्या बंदुकीला पुढचे माप चढवून फट पुन्हा मर्यादेत आणता येई. मनुष्याच्या हातून दोन वस्तू तंतोतंत एकसारख्या कधी होत नाहीत हे सत्य कारखान्याने किती नम्रपणे मान्य केले आहे, ते या दोन गेजांत दिसते. परिपूर्णतेचा आग्रह सोडून दिला आणि तिच्या जागी दोन मर्यादा आखल्या. त्यांच्या आत असेल ते मंजूर, बाहेर असेल ते नामंजूर, आणि त्यात तपासनिसाच्या मर्जीला किंवा मुलाहिज्याला जागा नाही.

या फटीत बसणारी काडतुसे आमच्या पुण्याजवळ खडकीला होत असत. 1869 पासूनचा तो दारूगोळ्याचा कारखाना आहे. खडकीच्या काडतुसाच्या बुडावर त्या कारखान्याची अक्षरे ठोकलेली असत. म्हणजे मुळा नदीच्या तीरावरच्या मराठी कामगाराने दाबयंत्रावर पाडलेली पितळेची कड आणि हुगळीच्या तीरावरच्या बंगाली कामगाराने कापलेली पोलादाची खाच या दोन्ही, ज्या तिसऱ्या माणसाला त्या दोघांपैकी एकानेही पाहिलेले नाही त्याच्या गालाशी येऊन मिळत. दोघांपैकी एकाने जरी आळस केला तरी दुसऱ्याच्या प्रामाणिकपणाचा उपयोग नव्हता. परस्परांना न पाहिलेल्या माणसांमधला इतका निकट आणि इतका सक्तीचा ऋणानुबंध मला दुसरीकडे क्वचितच आढळला आहे.

परंतु बंदूक हाती घेणारा सामान्य माणूस यातले काही पाहत नाही. तो पाहतो झिलई. पोलादावरची निळसर काळी चमक, दस्त्याच्या लाकडावर मुरलेले तेल, कडा बोटाला न खुपणाऱ्या. आणि यावरून तो ठरवतो की काम चांगले आहे. ही समजूत अगदीच खोटी नाही, कारण ज्याने बाहेरची कड मोडताना काळजी घेतली त्याने आतही घेतली असेल असे मानण्याकडे मनाचा साहजिक कल असतो. तरी त्या समजुतीची परीक्षा महायुद्धांनी घेतली, आणि ती जितक्या कठोरपणे घेतली तितकी कोणत्याही तत्त्ववेत्त्याने घेतली नसेल. 1941 च्या जूनमध्ये जर्मन फौजा रशियात घुसल्या, त्या वर्षाच्या शरद ऋतूत तुला येथील शस्त्रकारखान्याची यंत्रे पूर्वेकडे हलवावी लागली, आणि पुढच्या दोन वर्षांत मोसिन-नागां बंदुकांचा फार मोठा भार इझेव्हस्कच्या कारखान्यावर पडला. शांततेच्या काळात ज्या रिसीव्हरवर आरशासारखी झिलई असे, त्याच रिसीव्हरवर 1942 च्या बंदुकांत मिलिंगच्या कटरचे ओरखडे जसेच्या तसे सोडलेले दिसतात. बोट फिरविले तर नांगरलेल्या शेतावरून फिरविल्यासारखे वाटते. ते गुळगुळीत करण्याला लागणारी घटका वाचविली आणि ती घटका पुढच्या बंदुकीला दिली. पण नळी, चेंबर आणि बोल्टचे दात यांना हात लावला नाही. त्या बंदुका दिसायला ओबडधोबड राहिल्या, चालण्यात नव्हे. त्यांतल्या कित्येक आजही संग्राहकांच्या हाती चालतात.

इंग्लंडने पहिल्या महायुद्धातच हा मार्ग धरला होता. मैलभर आणि त्याहूनही दूरच्या सामुदायिक गोळीबारासाठी ली-एन्फील्डला जो बाजूचा नेम लावलेला असे तो काढून टाकला, एकेक गोळी भरण्यासाठी असलेली मॅगझिनवरची झडप काढून टाकली, आणि बंदुकीच्या नावापुढे एक तारा तेवढा वाढविला. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातील लाँग ब्रँच व अमेरिकेतील सॅव्हेज या कारखान्यांत नळीच्या आतल्या पाच पन्हळींच्या जागी दोनच कापून पाहिल्या, आणि नेमात पडणारा फरक सोसण्याजोगा ठरला. आमच्या संतपरंपरेत ज्याला सारासारविवेक म्हटले आहे तो एकांतात बसून करावयाचा विचार आहे असा आपला समज असतो. इथे तो घाईच्या घटकेस, तासाला अमुक नग या हिशेबाने, फोरमनच्या मेजावर केला गेला. कोणता गुण वस्तूचा आणि कोणता आपल्या अभिमानाचा, याचा निवाडा शांततेच्या काळात कधीच झाला नसता, कारण शांततेत दोघांनाही पोसण्याइतकी सवड असते.

इथपर्यंत आलो म्हणजे बाहेरच्या झिलईला तुच्छ लेखण्याचा मोह होतो. तो मीही काही काळ बाळगला होता. पण प्रश्न झिलईपाशी संपत नाही, कारण गुण बाहेर नसून आत असतो असे म्हटल्याबरोबर पुढचा प्रश्न उभा राहतो, की आतले पाहावे कसे. या प्रश्नाचे सर्वांत वेधक प्रकरण अमेरिकेत घडले आणि त्याची हकीकत ज्यूलियन हॅचर या शस्त्रविद्येतील अधिकाऱ्याने पुढे तपशीलवार लिहून ठेवली आहे.

स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेत 1903 च्या नमुन्याची बंदूक होत असे. कामाची सफाई, कडांची रेखीवता, झिलईची खोली या बाबतींत तिच्या तोडीची लष्करी बंदूक दाखवा असे आव्हान देता आले असते. 1917 साली अमेरिका युद्धात उतरली आणि त्याच सुमारास काही रिसीव्हर गोळीबाराच्या वेळी काचेसारखे फुटल्याच्या तक्रारी आल्या. पोलाद वाकले असते, ताणले असते, तर गोष्ट निराळी होती, ते फुटले. चौकशीत असे निष्पन्न झाले, की घडवणीच्या भट्टीत पोलाद मर्यादेपलीकडे तापून जळून गेले होते. आणि ते जळले का? भट्टीपाशी उभे राहणारे जुने, अनुभवी कामगार तापलेल्या लोखंडाचा रंग डोळ्यांनी पाहून उष्णता ठरवीत असत. हे कसब पिढ्यान्‌पिढ्यांचे होते आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. परंतु ढगाळ दिवशी जो रंग भडक दिसतो तोच रंग लख्ख उन्हाच्या दिवशी फिका दिसतो. त्यामुळे स्वच्छ उजेड पडला म्हणजे त्याच अनुभवी डोळ्याला लोखंड अजून तापले नाही असे वाटे, आणि ते आणखी तापविले जाई. हा फरक 300 अंश फॅरनहाइटपर्यंत जात असे असे आढळून आले. मग भट्टीवर उष्णतामापक यंत्रे बसविली, पोलादाला दोनदा पाणी देण्याची नवी रीत 1918 साली सुरू केली, आणि 8,00,000 या अनुक्रमांकापासून पुढच्या बंदुका सुरक्षित मानल्या जाऊ लागल्या. रॉक आयलंड येथील शस्त्रशाळेपुरता हा आकडा 2,85,507 असा ठरला.

या प्रकरणाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण त्यात दोषी कोण हे सांगता येत नाही. कोणी आळस केला नव्हता, कोणी लाच खाल्ली नव्हती, कोणी हलके पोलाद वापरून पैसा खिशात घातला नव्हता. अत्यंत निष्ठेने, आपल्या आयुष्यभराच्या कसबाला जागून, त्यांनी ठिसूळ बंदुका केल्या, आणि सूर्यप्रकाश जितका स्वच्छ तितकी त्यांची चूक मोठी झाली. आमच्याकडे लोहार विळ्याला किंवा कोयत्याला पाणी देतो तेव्हा तोही रंगच पाहतो. माझ्या लहानपणी आमच्या गावचा लोहार हे काम दिवेलागणीच्या सुमारास, भात्याजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात करी, आणि भर दुपारी कोणी विळा घेऊन आला तर त्याला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवी. त्यामागचे कारण मला त्या वेळी कळले नव्हते. तो लहरी आहे असे मी समजत असे. स्प्रिंगफील्डची हकीकत वाचली त्या दिवशी तो अंधारा कोपरा मला आठवला. आपला डोळा कोणत्या उजेडात फसतो हे त्याला माहीत होते, आणि डोळ्यावरचा विश्वास सोडण्याऐवजी त्याने डोळ्यासाठी जागा निवडली होती. शुद्ध हेतू आणि मोठे कसब यांच्या जोडीला ज्ञानाचे हे तिसरे अंग नसेल तर कर्म निर्दोष होत नाही, आणि निष्काम कर्माची जी व्याख्या आपण सहजपणे तोंडावर फेकतो तिच्यात या तिसऱ्या अंगाला फारशी जागा ठेवलेली नसते, ही माझी तक्रार आहे.

गोरोबा कुंभारांनी संतांच्या मेळ्यात थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर टकटक करून कोणते मडके भाजले आहे आणि कोणते कच्चे आहे ते सांगितले, आणि नामदेवांना कच्चे ठरविले, ही आख्यायिका वारकऱ्यांच्या घरोघर सांगितली जाते. कुंभार रंग पाहून मडके घेत नाही, नाद ऐकून घेतो. बंदुकीच्या नळीलाही तशीच एक परीक्षा असते; नेहमीच्याहून अधिक दाबाचे काडतूस मुद्दाम तिच्यात उडवितात आणि ती टिकली तर तिच्यावर मान्यतेचा छाप ठोकतात. स्प्रिंगफील्डचे ठिसूळ रिसीव्हर या परीक्षेतूनही उतरले होते! एकदा सोसलेला आघात पुढच्या आघाताची हमी देत नाही. नामदेव पुढे विसोबा खेचरांकडे जाऊन पक्के झाले. लोखंडाला तशी संधी नसते.

याच प्रकरणाचा उत्तरार्ध मला पूर्वार्धाहून अधिक गंभीर वाटतो. दोष कळल्यानंतर जुन्या अनुक्रमांकाच्या लाखो बंदुकांचे काय करावे हा प्रश्न पुढे कित्येक वर्षे दप्तरात फिरत राहिला. त्या साऱ्या मोडीत काढाव्यात अशी शिफारस झाली. शेवटी 1920 च्या दशकाच्या अखेरीस असे ठरले, की ज्या बंदुका दुरुस्तीसाठी आगारात परत येतील त्या पुन्हा देऊ नयेत, बाकीच्या जिथे आहेत तिथे राहू द्याव्यात. फुटलेल्यांची संख्या एकूण संख्येच्या मानाने अल्प होती आणि लाखो बंदुका फेकून देणे कोणत्याही खजिन्याला जड गेले असते, हे मी नाकारीत नाही. तथापि भट्टीजवळच्या कामगाराला जे माहीत नव्हते ते शेरा मारणाऱ्या अंमलदाराला माहीत होते. पहिल्याच्या हातून चूक झाली. दुसऱ्याने एका अनोळखी शिपायाच्या डोळ्याची किंमत हिशेबात मांडून पाहिली आणि ती परवडण्याजोगी ठरविली. कागदावर दोघांचा परिणाम एकच दिसतो. धर्माच्या दृष्टीने त्यांत किती अंतर आहे हे सांगायला कोणत्याही ग्रंथाची गरज पडू नये.

एवढा वेळ मी बंदूक धरणाऱ्याच्या बाजूने बोलत आलो. नळीच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो त्याच्याविषयी मी अजून एक शब्दही लिहिला नाही, आणि गुणवत्तेविषयीच्या चर्चेत हे नेहमी असेच होते. 13 एप्रिल 1919 रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरने जे शिपाई नेले त्यांपैकी 50 जणांच्या हाती .303 च्या बंदुका होत्या. त्यांनी 1,650 गोळ्या झाडल्या, हा आकडा खुद्द डायरनेच चौकशीत दिला. सरकारी हिशेबाने 379 माणसे मेली. लोकांचा हिशेब याहून फार मोठा होता. त्या 50 बंदुकांपैकी प्रत्येकीच्या चेंबरात कोणा तपासनिसाने दोन्ही गेज घालून पाहिले होते, प्रत्येक बोल्टचे दोन्ही दात कोणी तरी घासून जुळविले होते, प्रत्येक नळीने अधिक दाबाची परीक्षा दिली होती. त्या कामगारांची सचोटी त्या दिवशी बागेच्या भिंतींच्या आत पूर्णपणे सफल झाली. मी हे वाक्य लिहून फार वेळ तसाच बसलो होतो. त्यात एकही शब्द असत्य नाही, आणि तरी ते तसेच ठेवून पुढे जाणे कठीण वाटते.

हा पेच नवा नाही. बौद्ध धर्मात उपासकाला निषिद्ध असे जे पाच व्यापार सांगितले आहेत त्यांत शस्त्रांचा व्यापार पहिला येतो. जैन श्रावकाचारात समंतभद्रांनी हिंसेची उपकरणे दुसऱ्याला देणे हा अनर्थदंडाचा एक प्रकार मानला. तिथे कुऱ्हाड आणि तलवार एकाच यादीत आहेत, म्हणजे देणाऱ्याने घेणाऱ्याचा हेतू विचारला होता की नाही याने त्या आचार्यांचे समाधान होण्यासारखे नव्हते. आणि इंग्लंडातील बर्मिंगहॅममध्ये 1796 साली क्वेकर पंथाने आपल्यातील एका प्रतिष्ठित बंदूक-कारखानदाराला, सॅम्युएल गाल्टनला, पंथातून बरखास्त केले. त्याने आपल्या बचावाचे निवेदन छापून प्रसिद्ध केले होते. धंदा वडिलोपार्जित आहे, इतकी वर्षे पंथाने हरकत घेतली नाही, शस्त्रे स्वसंरक्षणालाही लागतात, हे त्याचे म्हणणे होतेच. पण त्याचा खरा मुद्दा हा, की युद्धाचा कर भरणारा आणि गुलामांच्या श्रमाने पिकलेला माल वापरणारा प्रत्येक जण या पापात भागीदार आहे, मग एकट्या माझ्याच हाताला काळे का दिसते. त्याच्या या म्हणण्यात सत्य आहे, आणि मला ते कधी पुरते खोडून काढता आलेले नाही. पण जबाबदारी सर्वांत वाटली गेली म्हणून एकाची कमी होते हे मात्र मला पटत नाही. जमाखर्चात रक्कम वाटून घेता येते, अपराध वाटून घेता येत नाही. शंभर जणांनी मिळून केलेला अपराध शंभर वेळा झालेला असतो.

महाभारताने या पेचाला जे रूप दिले आहे ते मला सर्वांहून खोल वाटते. वनपर्वात कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण धर्म शिकायला मिथिलेच्या बाजारात एका मांसविक्रेत्याकडे जातो. त्या व्याधाचे दुकान पाहून ब्राह्मण दुःखी होतो, हा धंदा तुला शोभत नाही असे म्हणतो, आणि व्याध सांगतो की हे माझे कुळकर्म आहे, मी स्वतः प्राणी मारीत नाही, दुसऱ्यांनी मारलेल्याचे मांस विकतो, आणि ते मी स्वतः खातही नाही. वजनात खोट नाही, बोलण्यात खोट नाही, घरी आईबापांची सेवा. या कथेचा उल्लेख करणारे बहुतेक जण इथेच थांबतात आणि प्रत्येकाने आपापले काम नेकीने करावे एवढा बोध काढून मोकळे होतात. पण व्याध तिथे थांबत नाही. आपले कर्म घोर आहे हे तो स्वतःच्या तोंडाने कबूल करतो, आणि मग आपला पूर्वजन्म सांगतो. तो पूर्वजन्मी वेद शिकलेला ब्राह्मण होता. एका राजाच्या संगतीने त्याला धनुर्विद्येचा नाद लागला, मृगयेत त्याने सोडलेला बाण चुकून एका ऋषीला लागला, आणि त्या ऋषीच्या शापाने तो व्याध होऊन जन्मला. उत्तम धनुर्धर होता, म्हणूनच बाण जोराने लागला. त्याने हेतुपुरस्सर काही केले नव्हते. तरी ऋषीच्या वेदनेचे उत्तर कोणाला तरी द्यावेच लागणार होते, आणि ते त्याने पुढच्या जन्मी मांसाचा तराजू हाती धरून, एक मासाही कमी न तोलता दिले.

या कथेत मला दोन खाती दिसतात आणि ती दोन्ही उघडी आहेत. ज्याच्या हाती आपण घडविलेली वस्तू जाते त्याचे आपण एक देणे लागतो. ते सचोटीने, मापाने, न दिसणाऱ्या जागी कानस फिरवून फेडता येते आणि फेडलेच पाहिजे. ज्याच्यावर ती वस्तू रोखली जाते त्याचे देणे निराळे आहे. पहिल्या खात्यातील जमा दुसऱ्यात वळती करण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, आणि जिला आपण कर्मयोग असे भारदस्त नाव देतो, ती व्याधाला लागली नव्हती. म्हणून तो ब्राह्मणाचा गुरू होऊ शकला. मी ओबडधोबड बंदुका केल्या असत्या तर माझे पाप कमी झाले असते असे त्याच्या जागी असलेला फिटर म्हणणार नाही, कारण वाईट बंदूक आधी गरीब शिपायाचा डोळा घेते. पण मी चांगल्या केल्या म्हणून मी मोकळा झालो असेही तो म्हणणार नाही.

इशापूरने 1960 नंतरच्या दशकात तीच जुनी बंदूक नव्या 7.62 मिलिमीटरच्या काडतुसासाठी केली, तेव्हा वाढलेला दाब सोसावा म्हणून आतले पोलाद बदलले आणि बाह्य आकार बहुतांशी तोच ठेवला. दोन बंदुका शेजारी ठेवल्या तर मॅगझिनच्या आकारावाचून सामान्य डोळ्याला फारसे वेगळे काही दिसत नाही. हे मला सांगितले ते एका वृद्ध फिटरने, ज्यांनी आपली सारी नोकरी शस्त्रांच्या कारखान्यात काढली आणि जे निवृत्तीनंतर आमच्या आळीत राहायला आले. खंडेनवमीला त्यांच्या देवघरापुढे पाट मांडलेला असे. त्यावर एक कानस, एक मायक्रोमीटर, एक पितळी कॅलिपर, हळदकुंकू आणि झेंडूची फुले. एका वर्षी मी प्रसादाला गेलो असता, पुष्कळ दिवस मनात घोळत असलेले विचारून टाकले. म्हटले, "काका, त्या कामाचा विचार येऊन कधी झोप उडाली का हो तुमची?"

त्यांनी मायक्रोमीटर उचलून धोतराच्या सोग्याने त्यावरचे कुंकू पुसले, कारण कुंकवाने त्याचा आटा खराब होतो. मग म्हणाले, "मास्तर, गेजात न बसणारा एक जरी भाग मी पुढे सोडला असता, तर उडाली असती. सोडला नाही. जे बसले ते सोडले. त्यांचं पुढं काय झालं हे विचारायला माझ्या दारी अजून कोणी आलं नाही. आलं, तर त्याला काय सांगायचं, ते मी रोज जुळवून बघतो. अजून बसत नाही."